शब्दचर्चा : ‘नियमशास्त्र’ म्हणजे कायदाच का?

प्रश्न : पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये तरुणांच्या बायबल अभ्यासाला योहानाच्या शुभवर्तमानातलं 1:17 (अध्याय 1, ओवी 17) घेतलं. नियमशास्त्र (बायबलमधले देवाचे नियम) मोशे या संदेष्ट्याच्या द्वारे देण्यात आलं, असं तिथे आहे. मुलं विचारतात, सरळ ‘कायदा’ का म्हणत नाही? आणि कायदा करतात. तो ‘देतात’ कसा?

उत्तर : ताई, दुसरा प्रश्न फार मोलाचा, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ‘कायदा’ म्हटलं की शिवाजीनगरचं कोर्ट डोळ्यांपुढे येतं; कलम, दंड, पळवाट. मूळ हिब्रू शब्द ‘तोरा’, दाखवणे-शिकवणे या अर्थाच्या धातूचा. शिक्षकाला हिब्रूत ‘मोरे’ म्हणतात, तोही त्याच धातूचा. ग्रीक भाषांतरात तोराचा ‘नोमोस’ झाला आणि नियमाची बाजू वर आली. मराठी शब्दाने दोन्ही सांभाळलंय. संस्कृत ‘शास्’ म्हणजे शिकवणे आणि हुकूम करणेही; शास्त्र, शासन, शिष्य सगळे तिथलेच. शिकवण देतात, म्हणून ‘देण्यात आलं’ चपखल बसतं. सोपं लिहावं हे मलाही मान्य. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल (1924 साली छापून निघालं) साध्या माणसांना कळावं म्हणूनच होतं. पण ‘कायदा’ने इथे अर्थ सोपा होत नाही, अर्धा होतो.

प्रश्न : मग ‘दहा आज्ञा’ हे तरी बरोबर का?

उत्तर : रूढ आहे, चालू द्या. मात्र बायबलच्या निर्गम या पुस्तकात, 34:28 मध्ये, हिब्रूत आहेत दहा ‘दवारीम’, म्हणजे वचने. फरक कळतो तो मोजताना. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) जाणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यू मंडळींना विचारा, त्यांची मायबोली मराठीच. ज्यू परंपरेत पहिलं वचन निर्गम 20:2 : तुला मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यगृहातून बाहेर आणणारा तुझा देव तो मी. यात आज्ञा कुठेच नाही! बहुतेक प्रोटेस्टंट हिला प्रस्तावना धरून पुढच्या ओळीपासून मोजतात. कॅथलिक लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात.

मोजा कसंही, ती ओळ गाळू नका. आधी गुलामगिरीतून सुटका, मग सीनाय डोंगरावर आज्ञा. आज्ञा पाळल्या म्हणून कुणी सुटलं नाही. सुटलेल्यांना कसं जगायचं ते शिकवलंय. पुढच्या अभ्यासाला निर्गमाच्या विसाव्या अध्यायाआधी मुलांकडून सुटकेचा चौदावा अध्याय मोठ्याने वाचून घ्या.