'ग्राताज'ला खरवड म्हटलं तर काय बिघडलं?

गिरणाकाठची
जळगावात एका मैत्रिणीच्या अमूर्त चित्रांचं प्रदर्शन आहे, माहितीपत्रकाचं मराठी मी करतेय. तिचं तंत्र ग्राताजचं. कॅनव्हासवर रंगाचे थर चढवायचे, खाली काहीतरी खडबडीत सरकवायचं आणि वरून सुरीने रंग ओढून काढायचा. खालच्या वस्तूचा पोत वर उमटतो. ती केळीची वाळलेली सोपटं वापरते. शिरा इतक्या बारीक उठतात की बोट फिरवून बघावंसं वाटतं. मी 'खरवडचित्र' लिहिलं. पत्रक तपासणाऱ्या सरांनी ते खोडलं: "खरवड पातेल्याच्या बुडाला असते. 'अपघर्षण तंत्र' लिहा." मला हे पटत नाहीये.

धुळेकर
ताई, सरांचा शब्द जड आहे, पण त्यांच्या हरकतीत तथ्य आहे. खरवडून जे निघतं ती खरवड. इथे निघालेला रंग पुसून टाकतात आणि मागे उरतं ते चित्र. तुमचा शब्द नेमक्या उलट्या बाजूला बोट दाखवतो.

पारोळ्याचा भाऊ
मूळ शब्द तरी कुठे दरबारी आहे? फ्रेंचमध्ये 'ग्राते' म्हणजे खरवडणं. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली, ते फ्रोताज, म्हणजे घासणं. तीच युक्ती पुढे तैलरंगात आणली, ते ग्राताज. दोन्ही क्रियापदं घरातली. आणि गंमत बघा, 'ग्रातां' हा खायचा पदार्थही त्याच 'ग्राते'वरून आलाय, कारण मुळात तो शब्द भांड्याला धरलेल्या थराचा. म्हणजे खरवडच की! त्यांना स्वयंपाकघर चालतं, मग आपल्यालाच का विटाळ?

तापीकाठ
आमची माय दूध तापवून झालं की सांगायची, "दूधनी खरवड टाकू नका रे." पितळी पातेलं मांडीत धरून शिंपल्याने ती काढायची. तपकिरी, जरा धुरकट वासाची. आम्ही चौघं भावंडं तिच्यासाठी भांडायचो. हा शब्द हलका म्हणणाऱ्याने ती खाल्लेली नाही.
मला वाटतं, तो 'खर' म्हणजे खरखरीत, यावरून आला असावा.

धुळेकर
सुरीचा आवाजच खर्रर्र येतो, म्हणून. संस्कृतापर्यंत जायची गरज नाही.

भुसावळकर
खरवडीवर भांडताय, पण त्याआधीचा 'अमूर्त' कसा सगळ्यांनी मुकाट गिळला? बोटाला शिरा लागतात ते चित्र अमूर्त कसं? चित्रकार गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचे, काढायचे. आपल्या चित्रांना 'ॲब्स्ट्रॅक्ट' म्हटलेलं त्यांना चालत नसे. मराठी विश्वकोशात 'अप्रतिरूप कला' अशी नोंद आहे. कशाचं प्रतिरूप नाही, एवढंच तो शब्द सांगतो.

पारोळ्याचा भाऊ
दादा, शब्द नेमका आहे, पण प्रदर्शनाला आलेल्या माणसाला तो वाचताना अडखळायला होईल. 'अमूर्त' आता रुळलाय. रुळलेला रूळ उखडून काय साधणार?

भुसावळकर
चुकीचा रुळला म्हणून बरोबर होत नाही. केवळ रुळला म्हणून ठेवायचं, तर 'ॲब्स्ट्रॅक्ट' त्याहून जास्त रुळलाय. तोच लिहा.

गिरणाकाठची
भाऊ, 'अमूर्त' छापून गेलाय, तो आता हलत नाही. मला आतल्या मजकुराचं सांगा. 'अपघर्षण' मी भूगोलात शिकले, नदी आणि वारा खडक झिजवतात त्याला. धुळेकरांचा मुद्दा मात्र मला लागला. 'खरवड' नाम सोडून 'खरवडून काढलेली चित्रं' असं क्रियापदाने लिहिलं तर?

धुळेकर
'काढलेली'मुळे घोळ होईल, चित्रही आपण 'काढतो'च. 'खरवडून उमटवलेली' लिहा.

तापीकाठ
'उमटवलेली' छान. त्या 'पोत'वरून आठवलं, चूल सारवायच्या फडक्याला आमच्याकडे पोतारा म्हणतात. त्याचे बोटांचे फराटे मातीवर तसेच राहायचे. पोत आणि पोतारा एकच असतील का?

भुसावळकर
मुळीच नाही. पोत विणीचा, कापडाचा.

तापीकाठ
पोतारा कापडाचाच असतो, भाऊ.