फायबरच्या जुन्या बोटीचा ट्रान्सम (इंजिन बसवलेली मागची भिंत) कुजलाय, सगळा बदलावा का?

प्रश्न:
इंजिन वर उचललं की ट्रान्सम हलतो. आतून ४ मिमीची छिद्रं पाडून पाहिली. ड्रेनच्या (पाणी काढायच्या) भोकाजवळ ड्रिलला काळा, ओला लगदा चिकटून आला. वरच्या कडेला कोरडा, पिवळा भुसा. फक्त खालचा भाग बदलून चालेल का? की पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) आत सोडू?

प्रतिसाद १:
इपॉक्सी सोडू नका. ओल्या लाकडात ती मुरत नाही; पाणी आत कोंडतं आणि कुजणं चालूच राहतं. इंजिनाचा सगळा जोर ट्रान्समवर येतो, त्यामुळे तिथे ठिगळही नको. फायबरच्या दोन थरांमधला प्लाय पूर्ण काढा.

इंजिन उतरवा. बाहेरचा थर शाबूत ठेवून आतला कापा, पण कडेने ७ सेंमी पट्टी राहू द्या, नवं फायबरचं कापड तिच्यावर चढवायचं आहे. कापण्याआधी बाहेरून सरळ, जाड फळी टेकवून आवळा. हे करायचं राहिलं तर मोकळा झालेला थर वाकतो आणि नवा प्लायही तसाच वाकडा बसतो. ग्राइंडर चालवताना नुसता रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क हवा.

प्रतिसाद २:
जुनी जाडी आधी मोजा. बहुतेक वेळा १८ मिमी मरीन प्लायचे दोन थर लागतात. पुठ्ठ्याचा साचा करून कापा. सगळ्या बाजूंना इपॉक्सी लावा, कडांना तीन हात, कारण पाणी कडेनेच शिरतं. चिकटवायची इपॉक्सी सिलिका पावडर घालून इतकी घट्ट करा की उभ्या पृष्ठभागावरून ओघळणार नाही. दातेरी पट्टीने पसरवा. क्लॅम्प फार आवळू नका. नाहीतर मसाला, म्हणजे ही घट्ट इपॉक्सी, सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. चारही कडांतून थोडा थोडा डोकावला की पुरे.

प्रश्नकर्ता:
पॉलिस्टर रेझिनसाठी आणलेली फायबरची साधी मॅट शिल्लक आहे. ती वापरू का?

प्रतिसाद २:
नको. तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरिन नसतं. मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्या. आधी घट्ट इपॉक्सीने कोपऱ्यात १२ मिमी त्रिज्येची गोलाई भरा, मग १०, १५ आणि २० सेंमी रुंदीच्या पट्ट्या एकावर एक.

प्रतिसाद १:
थर सुकल्यावर वर मेणचट साय दिसली तर आधी पाण्याने घासून धुवा, मगच सँडिंग. उलट केलंत तर ती खरवडीत रगडली जाते आणि पुढचा थर सुटतो.

बोल्टची भोकं थेट पाडू नका. १२ मिमी बोल्टसाठी १८ मिमीचं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध १२ मिमी ड्रिल करा. ड्रेनलाही हेच. जुना प्लाय तिथूनच कुजला.