मदत हवी आहे: कुत्रीने उंदराचं औषध खाल्लंय बहुतेक, मिठाचं पाणी पाजू का?

गणपतीसाठी गावी आलोय, चिपळूणपासून 25 किलोमीटर आत. चिंगी (देशी, 4 वर्षं, 14 किलो) आमच्याबरोबरच आली आहे. सगळे आरतीत असताना ती मागच्या पडवीत गेली. आरती झाल्यावर बघते तर भाताच्या कणगीमागे कागद फाडून टाकलेला आणि हिच्या मिशांना हिरवट-निळा चुरा. काकू म्हणते दोन वड्या ठेवल्या होत्या. आता अर्धीच आहे. खाऊन फार तर पाऊण तास झाला असेल.

चिंगी मजेत आहे, शेपूट हलवत मोदक मागतेय. त्यामुळे घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो कुत्र्याला सगळं पचतं. दुसरा म्हणतो मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. काकांनी तांब्यात मीठ कालवून ठेवलंयसुद्धा. नेट येतंय-जातंय, थोडक्यात सांगा.

अंगणवेल: तांब्या ओतून टाका! उलटी झाली नाही तर ते मीठ अंगात राहतं, रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. दूध, हळद, तूप काही नको. बोटं घालून ओकवू नका. पाकीट शोधा, डॉक्टरांना फोन करून त्यावरचं नाव वाचून दाखवा आणि लगेच निघा. आणि मोदक देऊच नका, सारणात मनुका-बेदाणे असतील तर ते कुत्र्याच्या किडनीला बाधतात. ते आणखी वेगळं दुखणं नको.

धागाकर्ती: पाकीट चुलीत जाता जाता वाचलं. ब्रोमाडिओलोन 0.005%. चिपळूणच्या एका खासगी डॉक्टरांनी फोन उचलला, या म्हणाले. निघतोय.

जुना_गडी: ताई, मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही, पण ही केस बरीच पाहिली आहे. नाव कळलं हे फार बरं झालं, कारण उंदराची औषधं एकसारखी नसतात. काळपट पूड येते ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा विषारी वायू होतो, काही तासांत जनावर जातं आणि ओकारीच्या वासाने माणसालाही त्रास होतो.

तुमचं औषध त्याच्या उलट, सावकाश मारणारं. यकृतात व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येतं, ते हे औषध थांबवतं. रक्त गोठवणारे घटक नवे तयार होत नाहीत. जुने दोन-तीन दिवस पुरतात, तोवर जनावर खातं-पितं, खेळतं. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आतल्या आत रक्त सुटतं. म्हणून आज शेपूट हलतेय यावर जाऊ नका. हिरड्या पांढुरक्या, धाप, खोकला, काळी शी, उगाच लंगडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच मिनिटाला दवाखाना.

घरात मांजर असेल तर तिच्यावरही नजर ठेवा. औषध खाल्लेला उंदीर खाऊन तिला बाधू शकतं.

निळा_डबा: लिहू की नको असं झालं होतं. आमचा लॅब्रॅडॉर असाच चार दिवस ठणठणीत होता. पाचव्या दिवशी खोकला, आम्हाला वाटलं सर्दी. छातीत रक्त साचलं होतं. एक सांगते, औषध के-1 च घ्या, म्हणजे फायटोमेनाडायोन. दुकानात व्हिटॅमिन के म्हणून के-3 पुढे केलं जातं, या विषावर ते कामाचं नाही.

धागाकर्ती: रात्री 11:40. डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं, हिरवा चुरा भरपूर पडला. मग कोळशाचं काळं औषध. आता गाडीची मागची सीट काळी, मी काळी, चिंगी काळी. पण थोडं रक्तात गेलं असेलच म्हणून के-1 च्या गोळ्या चार आठवडे, जेवणाबरोबर. स्निग्ध पदार्थाबरोबर त्या नीट लागू पडतात, म्हणून आता तूपभात चालेल म्हणाले. काका जिंकल्यासारखे बघत होते. उड्या-धावपळ बंद, गळ्याऐवजी छातीचा पट्टा.

अंगणवेल: मधेच बरी दिसली म्हणून गोळ्या सोडू नका. हे विष यकृतात आठवडेच्या आठवडे राहतं.

जुना_गडी: आणि शेवटच्या गोळीनंतर 48 तासांनी रक्त गोठण्याची तपासणी, पीटी म्हणतात ती. गोळ्या चालू असताना केली तर रिपोर्ट चांगलाच येणार, त्यातून काही कळत नाही.

धागाकर्ती: उशिरा लिहितेय, माफी. डोंबिवलीला परत आलो. गोळ्या संपल्या, 48 तास थांबून पीटी केली, नॉर्मल आहे. एकदा तिने गोळी गालात धरून सोफ्यामागे थुंकली होती, ती तीन दिवसांनी सापडली, तेव्हा माझाच जीव गेला होता. तेव्हापासून तोंड उघडून तपासायचे.

काकूने उरलेल्या वड्या टाकून दिल्या आणि पिंजरा आणला. पहिल्या रात्री चिचुंद्री सापडली म्हणे.