किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता नव्हे

एका सांगलीकरांनी विचारलंय की दापोली ते मालवण गाईडेड सायकल टूरला रोजचा सांगली-मिरज सराव पुरेल का. नाही पुरणार. कोकणात प्रत्येक खाडीपाशी खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर) चढायचं, हाच दिवसभराचा उद्योग. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींत सायकल आरामात जाते, पण तेवढ्यात पाय गार पडतात आणि पलीकडे लगेच चढ. हलका गिअर आधीच टाकून ठेवा. ऐन चढावर जोर लावून बदललात की चेन उतरलीच म्हणून समजा.

सरावाला दंडोबाचा डोंगर करा, नाहीतर साताऱ्याला या. यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत दम टिकला, तर रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ फोटो काढत चढाल. (तिथे थांबाच, दोन्ही बाजूंचे किनारे वरून दिसतात.) दमट हवेचा सराव मात्र आपल्याकडे होत नाही. सामान टूरच्या मागून येणाऱ्या गाडीत टाका, पण मीठ-साखरेचं पाणी सायकलवरच हवं.

आणि पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारा, मागच्या गाडीत मेकॅनिक असतो की नुसता ड्रायव्हर? माझ्या मते गाईडपेक्षा मेकॅनिकच महत्त्वाचा.