मुलगी नॉर्थ डकोटाला निघालीय, तिथला हिवाळा खरंच कसा असतो?

वेदगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची थोरली फिजिओथेरपिस्ट आहे. तिला अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात नोकरी लागलीय. शहरात नाही, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका काउंटीत, लहानशा दवाखान्यात. काउंटी आमच्या कागल तालुक्याहून मोठी, पण माणसं एका मोठ्या गावाएवढीसुद्धा नाहीत म्हणे. सप्टेंबरात रुजू व्हायचंय. नेटवर बघितलं तर उणे 30 लिहिलेलं. आमच्याकडं पहाटे 12-13 झालं की शेकोटी पेटते. तिची आई रोज विचारते आणि मला उत्तर देता येत नाही. कुणी तिथं राहिलेलं असेल तर सांगा, ऐकीव नको. कपडे इथनं घ्यावेत का? आणि गाडी ती आत्ता कुठं शिकलीय.

पन्हाळ्याचं_धुकं:
मी शेजारच्या मिनेसोटात दोन वर्षं होतो. कपडे इथनं अजिबात घेऊ नका, आपल्याकडची जाकिटं तिथं ऑक्टोबरपुरतीच. आतले लोकरीचे कपडे, बूट, हातमोजे तिथंच घ्या. बोटं वेगळी नसलेले मोजे जास्त ऊब देतात.

रुकडीची_सून:
काका, मी राहिलेय. सहा हिवाळे. मिस्टर तिथं ग्रामीण दवाखान्यात डॉक्टर होते.

तिथं एवढी थंडी का, ते आधी सांगते, म्हणजे काकूंना समजावता येईल. आपल्याला पश्चिमेला सह्याद्री आहे. तो ढग अडवतो म्हणून पाऊस गगनबावड्याला कोसळतो आणि शिरोळला बेताचा पडतो. तिथं उत्तरेला अडवायला काहीच नाही. ध्रुवाकडची हवा कॅनडावरून सरळ अंगणात येते. समुद्र सगळ्या बाजूंनी लांब, म्हणून उन्हाळाही तापतो. 1936 साली त्याच राज्यात फेब्रुवारीत पार्शलला उणे 51 आणि जुलैत स्टील नावाच्या गावाला 49 अंश नोंदलं गेलं. अर्थात तो विक्रम. जानेवारीत पहाटे उणे 15-20 ही रोजची गोष्ट, आणि उणे 30 चे काही दिवस येतातच.

पण काका, तिला आकडा बघायला शिकवू नका, वारा बघायला शिकवा. उणे 20 असताना ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटला तर अंगाला उणे 34 लागतं, आणि उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. वारा नसलेला उणे 20 चा दिवस सुंदर असतो. कोरडी हवा, लख्ख ऊन, पायाखाली बर्फ करकरतो, सूर्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन सूर्य असल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतात. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रस्त्यातच हात जोडले होते.

आता गाडीचं. आमचा तिसरा जानेवारी. बाजार करून दोघं परत येत होतो. वर आभाळ निळं, बर्फ पडतच नव्हता. आधी पडलेला कोरडा, पिठीसाखरेसारखा बर्फ वाऱ्यानं शेतातनं उचलला आणि बघता बघता गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. याला तिथं ग्राउंड ब्लिझर्ड म्हणतात. घर तीन किलोमीटरवर. मिस्टर म्हणाले, चालत जाऊ. मी त्यांचा हात सोडला नाही. शेजारच्या शेतकरी आजींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं: काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही. गोठ्यातनं घराकडं निघून वाट चुकलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या होत्या, म्हणून त्या भागात जुने लोक घर ते गोठा दोर बांधायचे. आम्ही पाच तास बसलो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालू, त्याआधी दर वेळी उतरून धुराड्याचं तोंड मोकळं करायचं, कारण ते बर्फानं बुजलं तर विषारी वायू आत येतो. काच बोटभर खाली. डब्यात एक मेणबत्ती. तेवढ्या मेणबत्तीनं काचेवरचं दव आतल्या आत गोठायचं थांबलं. रात्री बर्फ काढणारी गाडी आली.

म्हणून गाडीत कायम गोधडी, फावडं, खायला काहीतरी, मेणबत्ती. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. इंजिन गरम ठेवायला ब्लॉक हीटर बसवून घ्यायचा, त्याची वायर पुढनं बाहेर असते, रात्री प्लगला लावायची. निघण्याआधी 511 ला फोन केला की रस्त्याची स्थिती कळते. ‘प्रवास टाळा’ म्हणाले तर ड्यूटी असली तरी टाळायचा. दवाखान्यातले लोक समजून घेतात, तेही तिथलेच असतात.

वेदगंगाकाठ:
ताई, दोनदा वाचलं. बाईसाहेबांनाही वाचून दाखवलं, त्या गोठ्याच्या दोरापाशी थांबल्या. आम्ही भेटायला जायचं तर कुठल्या महिन्यात? तिथं पाऊसपाणी कसं?

रुकडीची_सून:
जून ते ऑगस्ट. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, सोळा तासांचा दिवस. वर्षाचा सगळा पाऊस 350 ते 550 मिलीमीटर, गगनबावड्याला जुलैच्या एका महिन्यात याहून जास्त पडतो. त्यातला बराचसा पिकाच्या दिवसांतच पडतो, म्हणून गहू साधतो. संध्याकाळी वीज-गारा घेऊन वादळ येतं, दहा मिनिटांत उभा गहू आडवा. डासही भरपूर, काकूंना सांगून ठेवा.

मार्च-एप्रिल टाळा, तेव्हा चिखल आणि पूर. रेड नदी उत्तरेकडं वाहते. दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि पुढं उत्तरेला नदी अजून गोठलेली, मग पाणी जाणार कुठं? सपाट जमिनीवर मैलोन्‌मैल पसरतं. 2009 च्या मार्चमध्ये त्या नदीकाठच्या फार्गो शहरात पाणी जवळजवळ 41 फुटांवर गेलं, तिथं 18 फुटांना पूर सुरू होतो. आम्ही वाळूची पोती भरायला गेलो होतो, पोती हातात गोठून दगड होत होती. पुढं 2019 ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 55 फुटांवर गेल्याचं इथं कोल्हापुरात ऐकलं तेव्हा मला तीच पोती आठवली.

आणि काका, तुम्ही ऊसवाले असाल तर ऑक्टोबरही बघण्यासारखा. त्या नदीच्या खोऱ्यात साखरेचं बीट पिकतं, कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा, सहकारी. रात्रंदिवस काढणी, ट्रकच्या रांगा, अगदी आपला हंगाम. आपला ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो. त्यांचं बीट उघड्यावर डोंगराएवढ्या ढिगांत गोठून राहतं आणि वसंतापर्यंत गाळप चालतं. ऑक्टोबरात ऊन वाढलं तर काढणीच थांबवतात, कारण गरम बीट ढिगात सडतं. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते चार दिवस त्यावरच बोलत होते.

वेदगंगाकाठ:
ऊसच आहे, दोन एकर. मग ऑक्टोबरला एकदा आणि जूनला एकदा, बघू कसं जमतंय. ताई, मेणबत्त्या आणि काड्यापेटी इथनं बॅगेत घालून देऊ का? तिची आई बाजूला काढून बसलीय.

रुकडीची_सून:
काड्यापेटी विमानात बॅगेत चालत नाही, तिथं घेऊ दे. मेणबत्त्या द्या. जाड्या बघून द्या.