मदत हवी आहे: हार्लेक्विन कोळंबीच्या जोडीला आता खायला काय घालू?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घरी ८० लिटरचा छोटा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी आहे. काचेवर ॲस्टेरिना, म्हणजे नखाएवढे पांढुरके तारामासे, इतके माजले होते की शेवटी हार्लेक्विन कोळंबीची जोडी आणली. दुकानदार म्हणाला, "पेलेटही (तयार खाद्याच्या गोळ्या) खातात." कसलं काय! तारामाशाशिवाय कशाला तोंड लावत नाहीत.

काम मात्र चोख केलं. दोघं मिळून तारामासा उलटा पाडतात, मग बारीक चिमट्यांनी त्याचे नळीसारखे पाय एकेक करून खुडतात. बघत बसलं की चहा गार होतो.

आता दोन महिन्यांत ॲस्टेरिना संपले. परवा एक चॉकलेट चिप तारामासा आणला, तो वेगळ्या टाकीत ठेवलाय. त्याचा एक हात कापून द्यायचा आणि बाकीचा जिवंत ठेवायचा, असा विचार आहे. खरं सांगायचं तर सुरी उचलवत नाही.

एक हात जोडीला साधारण किती दिवस पुरतो? उरलेलं कधी काढता? पाणी बिघडायची धास्ती आहे. फ्रीझरमधला तुकडा तुमच्याकडच्यांनी खाल्ला का? रत्नागिरीचा मामा म्हणतो, रापणीच्या जाळ्यात तारामासे येतात, पाठवू का? ते घालणं सुरक्षित आहे का? की सम्पमध्येच (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) ॲस्टेरिना वाढवू?

तापमान २५, पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तांब्याचं औषध कधीच घातलेलं नाही. मादीच्या पोटाखाली अंडी दिसतायत, म्हणून जरा घाई आहे.