मदत हवी आहे: 'द वुमन इन व्हाइट'मधल्या मूळ तारखा

(कादंबरी वाचली नसेल तर पुढे वाचू नका, रहस्य फुटेल.)

विल्की कॉलिन्सच्या या कादंबरीचा तारीखवार तक्ता करतेय. अख्खं कारस्थान दोन तारखांवर उभं आहे: नायिका लॉराचा 'मृत्यू' आणि तिचा लंडनचा प्रवास. १८६० साली 'टाइम्स'च्या समीक्षकाने इथली सुमारे पंधरा दिवसांची चूक पकडली. कॉलिन्सने १८६१ च्या आवृत्तीत ती दुरुस्त केली. माझ्या पेपरबॅकमध्ये मृत्यू २५ जुलै, प्रवास २६ जुलै, म्हणजे दुरुस्त मजकूर. दोन ई-बुकं पाहिली, तीही तशीच. कादंबरी आधी 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात क्रमशः आली होती, पण तिचे चाळीस हप्ते चाळण्याइतका वेळ नाही. इंग्रजी चालेल.

जुन्या आणि बदललेल्या तारखा टिपांमध्ये शेजारी शेजारी देणारी छापील आवृत्ती कोणती?